कार्ड मशीनवरील कपातीचा हिशेब दुकानदाराच्या हाती द्या

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

पावसाळा ओसरू लागला की आमच्या किनाऱ्यावर घरगुती निवासाच्या खोल्यांना रंग लागतो, खानावळींच्या पाट्या पुन्हा लिहिल्या जातात आणि त्याच सुमारास कार्ड मशीन घेऊन बँकांचे व खासगी कंपन्यांचे प्रतिनिधी दारोदार फिरू लागतात. मशीन ठेवले म्हणजे मुंबई-पुण्याचा पर्यटक परत जाणार नाही, एवढे त्यांचे म्हणणे खरे असते. परंतु त्या मशीनवर दिवसभरात जे पैसे जमा होतात आणि दुसऱ्या दिवशी खात्यात जे पोहोचतात, त्या दोन रकमांमधील फरक कशाचा, हे दुकानदाराला कोणी सांगत नाही आणि बहुतेक वेळा तो विचारतही नाही. याच फरकाविषयी, येता हंगाम सुरू होण्यापूर्वी, आपल्या वृत्तपत्रातून चार गोष्टी मांडाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बत्तीस वर्षे बँकेच्या नोकरीत काढून मी वेंगुर्ल्यात स्थायिक झाले आहे. गेली काही वर्षे ओळखीचे दुकानदार, खानावळवाले आणि खोल्या भाड्याने देणारी कुटुंबे आपापली स्टेटमेंटे घेऊन माझ्या पडवीवर येतात आणि आम्ही ती ओळीने वाचतो. त्याचे मी पैसे घेत नाही. नोकरीत असताना मी स्वतः अनेकांना अशी मशीन मिळवून दिली आणि कराराच्या ज्या पानावर दर छापलेले असतात ते पान समजावून न सांगता फक्त सहीची जागा दाखवली, याची टोचणी मला आजही आहे.

मे महिन्याच्या हंगामानंतर मालवण तालुक्यातील एक खानावळ चालवणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या. खाली खानावळ, वर तीन खोल्या, आणि सगळी मिळून वर्षाची उलाढाल सोळा लाखांच्या आसपास. "बाई, पैशे कमी इले, पण कित्याक कमी इले ता कोण सांगना नाय," असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. त्या महिन्यात त्यांच्या मशीनवर १,८०,००० रुपये जमा झाले होते. त्यावर सरसकट २ टक्क्यांनी ३,६०० रुपये शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६४८ रुपये, असे एकूण ४,२४८ रुपये कापले गेले होते. आम्ही दोन संध्याकाळी बसून मशीनच्या चिठ्ठ्या वेगळ्या केल्या. रुपे डेबिट कार्डांवर ४०,००० रुपये आले होते, इतर डेबिट कार्डांवर ६०,००० आणि क्रेडिट कार्डांवर ८०,०००. ही विभागणी केल्यावर जे दिसले, ते मी पुढे नियमांसह सांगते. मात्र आधी उत्तर सांगून टाकते. त्या बाईंकडून त्या एका महिन्यात १,९५८ रुपये ८० पैसे कापले जायला हवे होते. म्हणजे २,२८९ रुपये २० पैसे जास्त गेले, आणि ही रक्कम त्यांच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मुलीच्या त्या महिन्याच्या पगाराच्या निम्म्याहून अधिक आहे.

आता नियम. रुपे डेबिट कार्ड आणि भीम-यूपीआय यांवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून कोणतेही शुल्क घेता येत नाही. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात कलम १०-अ घालून संसदेने हे ठरवले आहे, त्यामुळे त्यात बँकेच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. म्हणून वरच्या उदाहरणातील पहिल्या ४०,००० रुपयांवर शून्य. व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने ६ डिसेंबर २०१७ रोजी परिपत्रक काढले आणि १ जानेवारी २०१८ पासून कमाल दर ठरवून दिले. मागील आर्थिक वर्षात ज्याची उलाढाल वीस लाख रुपयांपर्यंत होती तो छोटा व्यापारी. त्याच्याकडून मशीनवरील व्यवहारास जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि क्यूआर कोडवरील व्यवहारास ०.३० टक्के घेता येतात, आणि एका व्यवहारामागे २०० रुपयांच्या वर जाता येत नाही. वीस लाखांच्या वरच्या व्यापाऱ्यासाठी हेच आकडे ०.९० टक्के, ०.८० टक्के आणि १,००० रुपये असे आहेत. खानावळवाल्या बाईंची नोंद बँकेने मोठ्या व्यापाऱ्यांत केली होती की नोंदच केली नव्हती, हे मला कळू शकले नाही. परंतु २ टक्के हा दर यांपैकी कोणत्याही रकान्यात बसत नाही. त्यांच्या ६०,००० रुपयांवर २४० रुपयेच देय होते.

उरली क्रेडिट कार्डे. इथे रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही, करारात जे लिहिले असेल ते लागू होते, आणि म्हणूनच करारावर सही करण्यापूर्वी बोलणी करायची ती याच दरावर करायची असते. बाईंच्या करारात २ टक्के लिहिलेले असल्याने ८०,००० रुपयांवरील १,६०० रुपये आम्ही मान्य केले.

जीएसटीची गोष्ट आणखी कमी लोकांना ठाऊक आहे. दोन हजार रुपयांपर्यंतच्या एका कार्ड व्यवहाराची रक्कम दुकानदाराच्या खात्यात जमा करून देण्याच्या सेवेवर जीएसटी माफ आहे. ही सवलत मुळात दुकानदाराला मशीन देणाऱ्या बँकेच्या सेवेसाठी होती. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील पेमेंट ॲग्रीगेटर कंपन्यांनाही, म्हणजे अनेक दुकानदारांसाठी ग्राहकांचे पैसे गोळा करून त्यांच्या खात्यांत पोहोचवणाऱ्या कंपन्यांनाही, ती लागू आहे, असे जीएसटी परिषदेच्या डिसेंबर २०२४ मधील बैठकीनंतर स्पष्ट करण्यात आले. आता आमच्या किनाऱ्यावरच्या खानावळीचे बिल आठवून पाहावे. चार माणसे जेवली, दोन सुरमई थाळ्या, दोन बांगड्याच्या, सोलकढी आणि वर एखादी तळलेली तुकडी, तरी बिल दोन हजारांच्या आत राहते. कोकम सरबत, काजू, आंबापोळी आणि मालवणी मसाला विकणाऱ्या दुकानांचे तर बहुतेक सगळे व्यवहार त्याखालीच असतात. म्हणजे आपल्या भागातील छोट्या धंद्याच्या कार्ड शुल्कावर जीएसटी लागण्याचे प्रसंगच थोडे यायला हवेत, आणि तरीही मी पाहिलेल्या अनेक स्टेटमेंटांत तो सरसकट लागलेला आहे. बाईंच्या चिठ्ठ्यांत दोन हजारांच्या वरचे व्यवहार म्हणजे प्रामुख्याने खोल्यांची बिले होती. क्रेडिटची ३०,००० रुपयांची आणि डेबिटची १५,००० रुपयांची. त्यांच्यावरील शुल्क अनुक्रमे ६०० आणि ६० रुपये, आणि त्यावरचा जीएसटी ११८ रुपये ८० पैसे. ६४८ नव्हे.

हा जीएसटी नंतर परत मिळतो, असे प्रतिनिधी हमखास सांगतात. शहरातील कपड्याच्या किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानापुरते ते खरे असेल, कारण तिथे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी स्वतःच्या देय जीएसटीतून वजा करण्याची सोय, मिळते. परंतु कोकणातील पर्यटनावर जगणारा धंदा कोणता, हे पाहिले तर चित्र उलटे आहे. सेवा देणाऱ्या ज्या व्यावसायिकाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे त्याने जीएसटीची नोंदणीच केलेली नसते, त्यामुळे परत मिळण्याचा प्रश्न येत नाही. कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने जीएसटी भरणाऱ्या, दुकानदारालाही ते क्रेडिट मिळत नाही. साधी उपाहारगृहे ५ टक्क्यांच्या दरात येतात आणि त्या दरासोबत इनपुट क्रेडिट नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांचाही दर १२ वरून ५ टक्के झाला; ग्राहकासाठी ते चांगलेच झाले, मात्र त्याबरोबर लॉजवाल्याचे इनपुट क्रेडिट गेले. तेव्हा मशीनच्या शुल्कावर व भाड्यावर भरलेला प्रत्येक रुपया जीएसटी हा या मंडळींचा निव्वळ खर्च आहे आणि तो तसाच धरून हिशेब करायला हवा.

हे शुल्क जाते कुठे, हेही समजून घेतले पाहिजे, कारण बोलणी कशावर होऊ शकतात ते त्यातूनच कळते. क्रेडिट कार्डावर दुकानदाराकडून कापलेल्या रकमेतील सर्वांत मोठा वाटा ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. काही भाग व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या जाळ्याला जातो, आणि उरलेला भाग दुकानात मशीन ठेवणाऱ्या बँकेकडे किंवा कंपनीकडे राहतो. पहिले दोन वाटे तुमच्या शाखेतील अधिकाऱ्याच्या हातात नसतात, तिसरा असतो. भारी वर्गाच्या कार्डांवर, कंपन्यांच्या नावे दिलेल्या व्यावसायिक कार्डांवर आणि परदेशी कार्डांवर पहिला वाटा मोठा असतो, त्यामुळे त्यांचा दर चढा राहणार हे धरून चालावे. परंतु आपल्याकडे आलेल्या कार्डांत अशी कार्डे किती, हे दुकानदाराला दाखवल्याशिवाय सर्वांवर एकच चढा दर लावणे हा दुकानदाराच्या अज्ञानावर मिळवलेला नफा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दर सोपा दिसावा म्हणून एकच टक्का सांगितला जातो, आणि त्या सोपेपणाची किंमत ज्याच्याकडे साधी डेबिट कार्डे जास्त येतात तो छोटा माणूस भरतो.

माझ्या मनाला सर्वांत जास्त लागणारी बाब मात्र टक्क्यांची नसून भाड्याची आहे. आमचा धंदा बारमाही नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, तारकर्ली-देवबागकडचे पाण्यातील खेळ मेच्या अखेरीस थांबतात, समुद्र खवळलेला असतो आणि पर्यटक आंबोलीच्या धबधब्यापर्यंत येऊन परत जातो. गणपतीला चाकरमानी येतो, पण तो स्वतःच्या घरी राहतो व घरी जेवतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एका ओळखीच्या लॉजवर मशीनवरून जेमतेम ६,००० रुपये आले. त्याच चार महिन्यांत मशीनचे भाडे दरमहा ४०० रुपये आणि जीएसटी धरून ४७२, असे १,८८८ रुपये खात्यातून वळते झाले. आलेल्या पैशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसता मशीन कपाटात ठेवल्याबद्दल गेला. काही करारांत ठरावीक रकमेपेक्षा कमी वापर झाला तर त्याचा वेगळा आकार असतो, म्हणजे धंदा नसल्याची शिक्षा दुप्पट. काही प्रतिनिधी "भाडे नाही" असे सांगून मशीन देतात आणि तो शब्द फक्त पहिल्या काही महिन्यांपुरता असतो, हे करारात आत कुठेतरी लिहिलेले सापडते. यूपीआयची घोषणा करणारा जो छोटा स्पीकर प्रत्येक टपरीवर दिसतो, त्याचेही महिन्याचे भाडे असते आणि तेही पावसाळ्यात चालूच राहते.

येथे एक गोष्ट नमूद करते. छोट्या गावांत व शहरांत मशीन आणि क्यूआर कोड पोहोचावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ पासून एक विकास निधी उभारला आणि पन्नास हजारांहून कमी लोकवस्तीच्या ठिकाणी बसवलेल्या यंत्रांच्या खर्चासाठी बँका व कंपन्यांना त्यातून अनुदान दिले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सिंधुदुर्गातील एकही शहर पन्नास हजारांच्या वर जात नाही. तेव्हा आपल्याला दिलेल्या मशीनसाठी असे अनुदान घेतले होते काय, आणि घेतले असेल तर भाडे कशाचे, हे विचारण्याचा अधिकार दुकानदाराला असायला हवा. मी हा प्रश्न दोन ठिकाणी लेखी विचारला आहे.

ज्यांच्यासोबत मी बसते त्यांना मी काही गोष्टी करू नका असेही सांगते. "कार्डावर २ टक्के जादा" अशी चिठ्ठी गल्ल्यावर लावणे हा त्यांतला पहिला प्रकार. डेबिट कार्डावरील शुल्क दुकानदाराने ग्राहकावर टाकू नये, हे बँकांनी पाहावे, असे २०१७ च्या त्याच परिपत्रकात म्हटले आहे, आणि क्रेडिट कार्डाच्या बाबतीत करारातच सहसा मनाई असते. शिवाय बाहेरगावचा ग्राहक अशा चिठ्ठीवर चिडतो व त्याची तक्रार आपल्या नावापुढे कायमची लिहून ठेवतो. दुसरा प्रकार म्हणजे सहा हजारांचे बिल दोन-दोन हजारांच्या तीन व्यवहारांत तोडणे. सवलतीसाठी असे केलेले व्यवहार करारभंग ठरू शकतात, मशीन बंद होऊ शकते आणि ग्राहकाने एखादी रक्कम नाकारली तर आपल्याजवळ नीट पुरावा राहत नाही. आणि रोखीकडेच परतायचे, हा विचारही मला पटत नाही. छोट्या व्यावसायिकाला अंदाजित उत्पन्नावर आयकर भरण्याची जी सोय आहे, तिच्यात रोख जमेवर ८ टक्के उत्पन्न धरले जाते, तर बँकेमार्फत व डिजिटल मार्गाने आलेल्या जमेवर ६ टक्के. तो फायदा मशीनच्या शुल्काबरोबर तोलून पाहावा. त्यात इतकेच लक्षात ठेवायचे की या सोयीत मशीनचे शुल्क वेगळा खर्च म्हणून वजा करता येत नाही.

करण्याजोगे काय, तर बरेच काही साधे आहे. क्यूआर कोड गल्ल्याच्या समोर आणि मशीन बाजूला, एवढी जागा बदलली तरी फरक पडतो. ग्राहक समोर दिसेल ते वापरतो. यूपीआयने आलेले पैसे पूर्ण येतात. मात्र सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येते, त्यामुळे क्यूआरवर आलेला प्रत्येक पैसा बचत खात्यातूनच आला असे समजू नये. अशा व्यवहारांत छोट्या दुकानदाराला दोन हजार रुपयांपर्यंत शुल्क नाही, त्यापुढे मात्र लागते. खोलीच्या आगाऊ रकमेसाठी पाहुण्याला कार्डाची लिंक पाठवण्याऐवजी बँक खात्यात किंवा यूपीआयने भरायला सांगावे, कारण कार्ड समोर नसताना केलेल्या व्यवहाराचा दर सहसा जास्त असतो आणि पाहुणा न आल्यास वादही जास्त होतात. दापोलीजवळ घरगुती निवास चालवणाऱ्या एका कुटुंबाने गेल्या दिवाळीपासून एवढा एकच बदल केला आणि खोलीची शिल्लक रक्कमही पाहुणे बहुधा त्याच मार्गाने देऊ लागले. ज्या वाडीत मोबाइलची रेंज जाते-येते तिथे ही युक्ती आणखी उपयोगी आहे, कारण पैसे आधीच आलेले असतात आणि निघायच्या घाईत मशीन हातात धरून अंगणभर फिरावे लागत नाही.

क्रेडिट कार्डाचा दर कमी करून घ्यायचा तर एकट्याने जाण्यात फारसा अर्थ नाही. वर्षाला दोन-तीन लाखांचे कार्ड व्यवहार असलेल्या माणसाला कोणती शाखा दर कमी करून देणार? परंतु एकाच गावातील तीस खानावळी, लॉज आणि दुकाने मिळून गेली, तर त्यांचे मे आणि डिसेंबर या दोन महिन्यांचे आकडेच कोणत्याही शाखा व्यवस्थापकाला खुर्चीवरून उठायला लावतील. आपापल्या गावच्या व्यापारी संघाने आणि निवास-न्याहारी चालवणाऱ्यांनी एकत्र येऊन दोन-तीन बँकांकडून लेखी दर मागवावेत, आणि मागताना चार गोष्टी वेगळ्या लिहून घ्याव्यात: देशी क्रेडिट कार्डाचा दर, परदेशी कार्डाचा दर, भाडे व ते कोणत्या महिन्यांत माफ, आणि करार मध्येच सोडल्यास द्यावी लागणारी रक्कम. ही शेवटची बाब प्रत्येक जण विसरतो आणि मशीन परत करताना तिच्यावरूनच भांडण होते.

काही मागण्या मात्र एकट्या गावाच्या आवाक्यातल्या नाहीत. मशीन देणाऱ्या प्रत्येक बँकेने व कंपनीने दर महिन्याला, मराठीत, कार्डाच्या प्रकारानुसार विभागलेला हिशेब देणे बंधनकारक व्हावे. तो त्यांच्या संगणकात असतोच, कारण त्याशिवाय त्यांना पहिला व दुसरा वाटा वाटता येणार नाही. हंगामी धंद्याला पावसाळ्याचे चार महिने भाडेमाफी मिळावी. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये जाहीर झाला, आणि ज्या जिल्ह्याने पर्यटनावर जगावे असे शासनाने ठरवले त्या जिल्ह्यातील पर्यटनाचे ऋतू बँकिंगच्या नियमांना ठाऊक असायला हवेत, अशी अपेक्षा ठेवण्यात वावगे काही नाही. आणि क्रेडिट कार्डाच्या शुल्कावर, निदान छोट्या व्यापाऱ्यांपुरती व छोट्या रकमांपुरती, कमाल मर्यादा यावी. हे जगात कुठे झालेले नाही असे नाही. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने ग्राहकाच्या बँकेला मिळणारा वाटा सामान्य ग्राहकांच्या डेबिट कार्डांवर ०.२० टक्के आणि क्रेडिट कार्डांवर ०.३० टक्के यापलीकडे जाऊ दिलेला नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये पेमेंट शुल्कांविषयी चर्चापत्र काढून मते मागवली होती आणि त्यात क्रेडिट कार्डाचा प्रश्नही होता. त्या वेळी आमच्या भागातून किती जणांनी लिहिले असेल? मी लिहिले नाही, याचे मला वाईट वाटते.

बँकांची बाजू मी नोकरीमुळे जाणते. क्रेडिट कार्डावर ग्राहकाला दीड-दोन महिन्यांपर्यंत बिनव्याजी उधारी मिळते, काही उधारी बुडते, फसवणुकीचे नुकसान सोसावे लागते. शून्य शुल्काच्या यूपीआयचाही खर्च कोणाला तरी येतो, म्हणूनच छोट्या यूपीआय व्यवहारांसाठी केंद्र सरकारने २०२४-२५ या वर्षाकरिता १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली होती. हे सर्व मान्य करूनही एक प्रश्न राहतो. त्याच शुल्कातून ग्राहकाला बक्षिसाचे गुण आणि विमानतळावरच्या विश्रांतिकक्षात प्रवेश दिला जातो, आणि त्याचा भार पहाटे चारला उठून बाजारातून मासळी आणणाऱ्या बाईच्या थाळीवर पडतो. ती त्या विमानतळावर कधी जात नाही. हे मला न्याय्य वाटत नाही.

मालवण तालुक्यातील त्या बाईंनी अर्ज दिला. पहिल्या खेपेस "सिस्टिममध्ये असेच आहे" असे तोंडी उत्तर मिळाले, म्हणून दुसरा अर्ज लेखी पोच घेऊन दिला, आणि सव्वीस दिवसांनी मे महिन्याची जादा रक्कम खात्यात परत आली. आधीच्या महिन्यांचा हिशेब अजून चालू आहे. तीस दिवसांत उत्तर आले नसते किंवा उत्तर समाधानकारक नसते, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता आली असती, त्यासाठी वकील लागत नाही आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. मात्र दर जास्त वाटतो, एवढ्याच कारणाने तिथे दाद मिळत नाही, कारण तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. नियमापेक्षा किंवा करारापेक्षा जास्त कापले, हे दाखवावे लागते. म्हणून चिठ्ठ्या फेकू नयेत.

अर्जाचा मजकूर ज्याला हवा त्याने जसाच्या तसा उतरवून घ्यावा, म्हणून खाली देत आहे. ज्याची उलाढाल वीस लाखांच्या वर आहे त्याने पहिली दोन वाक्ये गाळावीत.

"आमच्या व्यवसायाची मागील आर्थिक वर्षातील उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत असून तिचा पुरावा सोबत जोडला आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकानुसार आमची नोंद छोटा व्यापारी म्हणून करावी. मागील बारा महिन्यांत आमच्या मशीनवर झालेल्या व्यवहारांचा, रुपे डेबिट, इतर डेबिट, देशी क्रेडिट, व्यावसायिक कार्ड आणि परदेशी कार्ड असा विभागवार तक्ता द्यावा व त्यात प्रत्येक विभागाचा दर, कापलेले शुल्क आणि जीएसटी वेगळा दाखवावा. दोन हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवरील शुल्कावर जीएसटी आकारला असल्यास त्याचे कारण लेखी कळवावे. नियमापेक्षा अथवा करारापेक्षा जास्त कापलेली रक्कम आमच्या खात्यात परत जमा करावी. आमचा व्यवसाय हंगामी असल्याने जून ते सप्टेंबर या महिन्यांचे मशीनचे भाडे माफ करावे. या अर्जाची पोच आजच्या तारखेची व शिक्क्यासह द्यावी."

पोच हातात पडेपर्यंत काउंटर सोडू नये.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग